बराबर हाय तुमचं

मी परतूरच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवतो. वीस-बावीस वर्षं हेच करतोय. वादविवाद स्पर्धेचा संघही माझ्याच गळ्यात असतो, कारण स्टाफरूममध्ये ते काम दुसऱ्या कुणाला नको असतं. आणि त्या स्टाफरूममधला वाद तर ऐकवत नाही. एकानं म्हणावं, स्टेशनचा रस्ता खराब आहे. दुसरा लगेच म्हणतो, तुमच्या वेळी कुठं चांगला होता? तिसरा म्हणतो, तुमचा मेहुणा ठेकेदार, तुम्ही तर बोलूच नका. तासाची घंटा होते, सगळे खडू उचलून जातात आणि रस्ता बिचारा तिथल्या तिथं. रोज हेच बघून माझं डोकं फिरतं.

म्हणून मी वर्गाच्या मागच्या भिंतीवर एक पुठ्ठा लावलाय. त्यावर वादाचे सात नियम माझ्या हातानं लिहिलेत. मुद्द्याला धरा, माणसाला धरू नका. 'सगळे असंच करतात' हा पुरावा नव्हे. आवाज चढवला म्हणून मुद्दा चढत नाही. अशी कलमं. त्यातला सहावा नियम माझा लाडका: समोरच्याचं म्हणणं खोडण्याआधी, ते त्याला मान्य होईल अशा शब्दांत मांडून दाखवा. कुणा कार्ट्यानं त्यातलं 'मान्य होईल' खोडलं आणि वर स्केचपेननं 'बराबर वाटंल' असं लिहून ठेवलं. मी आधी चिडलो, मग राहू दिलं. आमच्या भागात कुणी 'मान्य' म्हणत नाही, 'बराबर' म्हणतात. नियम तेवढ्यानं पोरांच्या डोक्यात बसत असेल तर बसू दे, म्हटलं.

आता माझ्या भावाबद्दल. आमचं गाव धावडा, भोकरदन तालुक्यात. मी शिकून इकडे आलो, दादा शेतावर राहिला. माझ्याहून सात वर्षांनी मोठा. कपाशी, मका सगळेच करतात, तोही करतो, पण मिरची म्हणजे त्याचा जीव. लोकांची मिरची कोकडा रोगानं आकसून जाते, पानं गोळा होतात, तेव्हाही दादाचं रान हिरवंगार. त्याचं गुपित काही नाही, माणूस रोज सकाळी एकेका झाडाशी वाकून पानं उलटी करून बघतो. आणि किडीची नुसती खूण दिसली तरी पाठीवर फवारणीचा पंप चढवतो.

दोन वर्षांपूर्वी, पोळ्याच्या आधल्या आठवड्यात, फवारता फवारता त्याला चक्कर आली आणि तो सरीतच बसला. उलट्या झाल्या. वहिनीनं शेजाऱ्याच्या जीपमध्ये घालून भोकरदनला दवाखान्यात नेलं. सलाइन लावली, दुसऱ्या दिवशी घरी सोडलं. मला कळलं तसा मी सुट्टी टाकून निघालो.

दादा ओसरीवर खाटेवर पडला होता. चेहरा उतरलेला. मी चपला काढल्या न काढल्या तोच विचारलं, "फवारताना तोंडाला काय बांधलं होतंस?"

"काय न्हाई. उपरणं होतं, ते गरमीनं काढून ठेवल्तं."

"मास्क का लावत नाहीस?"

"मास्क लावला की दम कोंडतो."

"ही सबब झाली दादा, मुद्दा नाही," मी म्हटलं. अगदी वर्गात म्हणतो तसं.

मग मी सुरू झालो. औषधाची बाटली आणवली, तिच्यावरचा रंगीत त्रिकोण दाखवला, त्याच्या रंगावरून विष किती जहाल ते कळतं हे सांगितलं. मग म्हटलं, तू म्हणशील आपल्या आजानं जन्मभर फवारलं आणि तो म्हातारा होऊन मेला. तर एका उदाहरणावरून नियम होत नाही. तू म्हणशील गावात कुणीच लावत नाही. तर सगळे विहिरीत उडी मारतील म्हणून आपण मारायची का? दादा यातलं एक अक्षर बोलला नव्हता. त्याच्या वतीनं येतील ते सगळे मुद्दे मीच काढत होतो आणि मीच खोडत होतो. अर्धा-पाऊण तास असा गेला. शेवटी दादानं कूस बदलली.

"बराबर हाय तुमचं," तो म्हणाला.

दादा मला जन्मापासून 'तू' म्हणतो. त्या दिवशी 'तुमचं' म्हणाला. मला वाटलं, चला, धाकट्या भावातल्या शिक्षकाला आज पहिल्यांदा मान मिळाला. परतताना एसटीत खिडकीशी बसलो तेव्हा मी मनातून खूश होतो. जालन्याला उतरून चांगला मास्क घेतला, दोन्ही गालांवर गोल डबे असलेला, आणि ओळखीच्या माणसाबरोबर गावी पाठवला.

दीड महिन्यानं गेलो तर मास्क स्वयंपाकघरात खुंटीला. वहिनी कौतुकानं म्हणाली, "लई चांगला हाय भाऊजी. मिरच्या कुटताना मीच लावते. एक ठसका येत न्हाई."

"आणि दादा?"

"ते कशाला लावतेत."

मी शेतात गेलो. परत सगळं सांगितलं, या वेळी जास्त तयारीनं. बदनापूरला शेती खात्यात माझा एक मित्र आहे, त्याच्याकडून छापील माहिती आणली होती. दादानं ती हातात घेतली, घडी करून बंडीच्या खिशात ठेवली आणि म्हणाला, "बराबर हाय तुमचं." मी पुन्हा जिंकून परत आलो. पुढच्या खेपेला तो पुन्हा उघड्या तोंडानं फवारत होता.

असं चार-पाच वेळा झालं. माणूस नाही म्हणाला तर त्याच्याशी भांडता येतं. हा होय म्हणायचा आणि करायचा काहीच नाही. परतूरला परत येताना गाडीत मी दात-ओठ खायचो. बायको म्हणायची, तुम्ही त्यांना शिकवू नका, सारखं शिकवलं की माणूस विटतो. मी तिलाही नियम सांगितला, की हा मुद्दा नसून माझ्या स्वभावावरची टीका आहे. तिनं ताट वाढलं आणि टीव्ही लावला.

मागच्या दिवाळीत स्फोट झाला. ओसरीवर फराळाला शेजारचे दोघं-तिघं बसले होते. बोलता बोलता दादाला ठसका लागला, बराच वेळ थांबेना. चिवड्याचा असेल. पण मला निमित्तच मिळालं. मी सगळ्यांसमोर त्याची हजेरी घेतली. बाटलीचा त्रिकोण, छापील कागद, खुंटीवरचा मास्क, सगळं काढलं. आवाज चढला. आणि शेवटी तोंडातून निघून गेलं, "अडाण्याला सांगावं तरी किती!"

सातातले निदान चार नियम मी एका दमात मोडले होते. शेजाऱ्यांनी बशीत माना घातल्या. दादानं हातातली बशी खाली ठेवली, धोतराला हात पुसले.

"बराबर हाय तुमचं, सर," म्हणाला, आणि गोठ्याकडे निघून गेला.

त्यानंतर आठ-नऊ महिने मी गावाकडे फिरकलो नाही. फोन वहिनीशी व्हायचा. दादा शेजारी असला तरी रान बघायला गेलेत म्हणायची. चूक माझीच होती हे मला कळत होतं, पण तेवढंच हेही कळत होतं की मुद्दा माझाच खरा होता. ही दोन्ही एकाच वेळी खरी असली की माणूस आतून कुजतो. मी कुजलो. वर्गात उगाच पोरांवर खेकसायला लागलो.

यंदा पावसाळ्यात स्पर्धेची तयारी चालली होती. संघात एक मुलगी आहे, जवळच्याच खेड्यातून रोज सायकलीवर येते. बोलताना मान खाली घालते, पण प्रश्न विचारायचा सोडत नाही. त्या दिवशी मी सांगत होतो की तर्क मान्य करूनही माणसं तर्कानं का वागत नाहीत. उदाहरण म्हणून दादाचंच दिलं. नाव-गाव न सांगता, पण 'माझा मोठा भाऊ' म्हणून. त्रिकोण, मास्क, मिरच्या कुटणारी वहिनी. पोरं खदाखदा हसली. मलाही सांगताना मजा येत होती, खोटं कशाला बोलू.

ती मुलगी हसली नाही. "सर, सहावा नियम," म्हणाली.

"काय सहावा?"

"तुमच्या भावाचं म्हणणं आधी मांडून दाखवा ना. त्यांना बराबर वाटंल असं."

"त्याचं म्हणणं एवढंच, की मास्क नको."

"ते झालं सर. पण का नको?"

"कारण नाहीच त्याच्याकडे. असतं तर बोलला नसता?"

"पहिल्यांदा तुम्ही विचारलं तेव्हा काहीतरी बोललेच असतील की."

मला आठवावं लागलं. माझे सगळे मुद्दे मला क्रमानं पाठ होते, त्याचं एक वाक्य आठवायला वेळ लागला. "दम कोंडतो म्हणाला होता," मी म्हटलं.

"मंग तुम्ही काय म्हणले?"

"म्हटलं, ही सबब आहे."

या वेळी कुणी हसलं नाही, ते जास्त वाईट. मुलगी मान खाली घालून वहीत काहीतरी खरडत बसली, आपण जास्त बोललो असं वाटून. मला तिचा भयंकर राग आला. आगाऊ कार्टी, मनात म्हटलं. तास लवकर संपवला. घरी आलो, जेवलो नाही, बायकोनं विचारलं तर तिच्यावरही ओरडलो. राग कुणाचा हे मला तेव्हाच कळलेलं होतं.

रविवारी सकाळच्या गाडीनं जालना, तिथून एसटीनं भोकरदन, पुढं जीप, असं करत बाराच्या सुमाराला घरी पोचलो. वहिनी एकटीच होती. मला बघून तिनं आधी डोळे पुसले, मग चहा टाकला. काही विचारायच्या आत मीच म्हटलं, "वहिनी, मला एक सांगा. दादा दर वेळी माझं बराबर म्हणतो. मग ऐकत का नाही?"

"काय म्हणतेत? नीट सांगा."

"म्हणतो, बराबर हाय तुमचं."

वहिनी चक्क हसली. पदर तोंडाला लावून हसली. "आता बया! तुम्हालाबी 'तुमचं' म्हणतेत का? मतं मागायला येतेत ना, त्यांना म्हणतेत तसं. पंप विकायला मानूस येतो, त्याला म्हणतेत. 'बराबर हाय तुमचं' म्हणले की समजायचं, ह्यांनी दार लावून घेतलं. साऱ्या गावाला ठावं हाय, भाऊजी. तुमीच कसे भुलले?"

मी भुललो, कारण मला मान हवा होता. 'तू'चा 'तुम्ही' झाला याचा मला आनंद झाला होता. दोन वर्षं मी त्या 'तुमचं'ची बेरीज करत होतो आणि माझा भाऊ दर खेपेला मला मतं मागणाऱ्यांच्या रांगेत उभं करत होता. चहा तसाच ठेवला आणि शेताकडे निघालो.

दादा मिरचीत नव्हता, बांधावर कडुलिंबाखाली बसला होता. पंप शेजारी. पाच-सहा सऱ्या ओल्या दिसत होत्या, बाकी सगळं रान कोरडं. पूर्वी हा माणूस न बसता एकामागं एक पंप मारायचा. मला बघून उठला नाही. "कवा आल्ता?" एवढंच म्हणाला.

मी खाली बसलो. दिवाळीतल्या शब्दाबद्दल काहीतरी बोलायचं ठरवून आलो होतो, ते तोंडातून निघेना. म्हणून सरळ सहावा नियम काढला. "दादा, मला तुझं म्हणणं सांगायचंय. चुकलं तर नाही म्हण."

त्यानं पंप जरा बाजूला सरकवला.

"तुझं म्हणणं असं, की इतकी वर्षं काही झालं नाही, आताही होणार नाही."

"न्हाई. मागं मरता मरता वाचलो की."

"मग लोक हसतील म्हणून."

"न्हाई. हसले तर हसले."

"मी सांगतो म्हणून करायचं नाही. धाकट्याचं काय ऐकायचं."

"थोडं हाय ते," म्हणाला. "पण तसं न्हाई."

माझ्याकडचं संपलं. तीन तर्क आणि तिन्ही फुकट. मी पायाजवळचं ढेकूळ फोडत बसलो. समंजसपणा वगैरे काही नव्हता. मग दादाच बोलला.

"पहिल्या दिवशीच सांगितल्तं मी. दम कोंडतो म्हणून."

"मास्कनं."

"मास्कनं न्हाई रे. मास्क न लावताबी कोंडून राह्यला. चक्कर यायच्या आधीपासून. मास्क लावला की लई कळतं, जीव घाबरा व्हतो. म्हणून काढून फेकतो." त्यानं श्वास घेतला, आणि तो श्वास घेताना त्याचे खांदे वर गेले. दोन वर्षं तो माझ्यासमोर श्वास घेत होता, मी ते खांदे पाहिले नव्हते. "दवाखान्यात गेलं तर फवारनी बंद म्हणतेल. मंग मिरचीत कोन शिरनार? आन् मिरची न्हाई तर मी सकाळी उठून काय बघू?"

मी वर्गातली भाषा विसरलो. लहानपणी त्याच्याशी बोलायचो तसं बोललो. "म्हणजे तुला मास्कचं काय न्हाई. तुला दम लागून राह्यला, ते मास्क लावला की लपत न्हाई. आन् डॉक्टरला कळलं तर मिरची हातची जाईल, ते तुला सोसनार न्हाई."

दादा मिरचीकडे बघत होता. "बराबर," म्हणाला.

मी पुढच्या शब्दाची वाट बघितली. 'हाय तुमचं' आलं नाही. तो नुसता एक शब्द होता.

आता खोडायची पाळी माझी. नियमाप्रमाणे त्याचं म्हणणं त्याला पटेल असं मांडून झालं होतं. पण खोडायला काही नव्हतंच. पंपात उरलेलं औषध मीच फवारून संपवलं, तेही उलट्या वाऱ्यात, त्यावरून दादानं मला दोन शिव्या घातल्या. त्या शिव्यांनी बरं वाटलं. मग मी म्हटलं, "उद्या जालन्याला जाऊ."

"संगं येशील?"

"येईन की."

एवढंच लागत होतं. दोन वर्षांत मी त्याला सगळं सांगितलं होतं, संगं येतो एवढं सोडून.

जालन्यातल्या छातीच्या डॉक्टरनं फोटो काढला, नळीत फुंकायला लावलं. दादा जीव खाऊन फुंकायचा आणि काटा थोडासाच हलायचा. पुन्हा फुंका म्हणाले, पुन्हा तेच. डॉक्टर म्हणाले, जे गेलं ते परत यायचं नाही, आहे तेवढं सांभाळायचं. औषधाच्या जवळ जायचं नाही, फवारलेल्या रानात पाऊल टाकायचं नाही. आणि तोंडात ओढायचा एक छोटा पंप दिला. दादानं तो उलटासुलटा करून बघितला. "पाठीवरचा गेला आन् खिशातला आला," म्हणाला. डॉक्टर हसले. मला हसू आलं नाही.

मग कागदावर लिहिता लिहिता डॉक्टर जरा रागावून म्हणाले, "दोन वर्षांपासून दम लागतोय म्हणता. तेव्हाच आला असतात तर पुष्कळ वाचलं असतं. घरात कुणाला सांगितलं नाही का?"

दादानं माझ्याकडे बघितलंही नाही. "न्हाई," म्हणाला. "कुनालाच न्हाई सांगितलं."

"मला सांगितलं होतं," मी म्हटलं. "पहिल्याच दिवशी मला सांगितलं होतं."

डॉक्टरांनी लिहायचं थांबवून माझ्याकडे बघितलं. त्यांना काय विचारायचं होतं ते मला कळलं, पण दादा मध्ये पडला. माझ्या गुडघ्यावर हात ठेवून, मला गप्प करत, तो डॉक्टरांना म्हणाला, "त्याचं बराबर होतं, साहेब. मास्क लावायला पायजे होता मी. तो सांगून सांगून थकला, मीच ऐकलं न्हाई."

माझा भाऊ चारचौघांत मनापासून माझं बराबर म्हणाला होता. दोन वर्षं मला एवढंच ऐकायचं होतं. मी उठून बाहेर व्हरांड्यात गेलो, कारण ते मला ऐकवेना.